घर दाखवावयाचे आहे

बेळगावचे आमचे घर विकावयाचे ठरले, तेव्हा ते आधी दाखवण्याजोगे करावे लागेल ही गोष्ट आमच्या ध्यानीमनीही नव्हती. ज्यास हवे तो येईल, पाहील आणि घेईल, अशी आमची भाबडी समजूत. टिळकवाडीतील हे कौलारू घर वडिलांनी १९५८ साली बांधले. भिंती जांभ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या; जमीन तांबडी, वर मंगळुरी कौले. १९६१ साली आई लग्न होऊन याच उंबऱ्यातून आत आली. वडील २००९ साली ख्रिस्तवासी झाले. २०१९ साली आईलाही आम्ही पुण्यास आणले आणि दाराला कुलूप लागले. बंद घर किती लवकर म्हातारे होते, हे ज्याने पाहिले असेल त्यासच ठाऊक. चार पावसाळ्यांत कौले सरकली, खिडक्यांची दारे फुगून बसली आणि कपाटांतून बुरशीचा असा वास येऊ लागला की, आत पाऊल टाकताच शिंक यावी.

२०२३ च्या मार्चमध्ये आम्ही व दादा तेथे जाऊन राहिलो. धाकटी बहीण वास्कोहून शनिवार-रविवार येई. दलाल पहिल्याच दिवशी आले आणि ओसरीवर उभे राहूनच म्हणाले, "साहेब, गिऱ्हाईक घर बघत नाही. भिंती बघतंय, उजेड बघतंय. आणि पहिल्यांदा वास बघतंय."

मुलगी दाखवावयाच्या दिवशी जुन्या घरांतून जी लगबग चाले, तीच आता घराच्या वाट्यास आली. (ती पद्धत आता गेली असे म्हणतात, आमचा तितकासा विश्वास नाही.) अमेरिकेत तर हा स्वतंत्र धंदाच झाला आहे. विकाऊ घर रंगमंचासारखे सजवावयाचे, म्हणून त्याचे नावही 'होम स्टेजिंग'. सिएटलकडील बार्ब श्वार्त्झ नावाच्या बाईंनी १९७० च्या दशकात ते रूढ केले. भाड्याचे सोफे आणतात, भाड्याची चित्रे टांगतात. आमच्याकडे आणावयाचे काहीच नव्हते, काढावयाचेच फार होते. पाच ट्रंका, तीन लोखंडी खाटा, तांब्याचा बंब, लोणच्याच्या बरण्या, वडिलांनी दोरीने बांधून ठेवलेली जुनी साप्ताहिके, आणि एक पाय मोडलेली खुर्ची, जिच्यावर कोणी बसू नये हे आम्हां सर्वांस पन्नास वर्षे ठाऊक होते. खोल्या रिकाम्या होऊ लागल्या तशा त्या मोठ्या दिसू लागल्या. आठवडाभर दारे-खिडक्या उघड्या ठेवल्या, कौले उतरवून शाकारणी करविली, फुटकी बदलली. तांबडी जमीन घासून पुसताच जुन्या पितळेसारखी लखलखली. या सर्वांस खर्च बेताचाच आला. स्वयंपाकघर नवे करावे अशी दादाची इच्छा होती, पण घेणारा ते आपल्या मर्जीप्रमाणे पुन्हा फोडणारच, असे दलालांनी सांगितले, आणि ते खरेच होते.

पुढे ते घुटमळले. "ते तेवढं आल्तार... आणि फोटो. राग मानू नका. येणारं गिऱ्हाईक कुठल्याही जातीधर्माचं असतंय. त्याला तिथं आपला देव ठेवलेला दिसला पाहिजे."

बैठकीच्या खोलीतील आल्तारापुढे आमची जपमाळ झाली नाही असा एकही दिवस बालपणी गेला नाही. पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली वडिलांची व आईची सही असलेला, १९६१ सालचा अर्पणविधीचा कागद होता. तो काढावा असे आईला कोण सांगणार? आम्ही दोघांनी चिठ्ठ्या टाकावयाचे तेवढे बाकी ठेवले होते. एप्रिलमध्ये आईला शेवटचे दर्शन म्हणून बेळगावास आणले आणि चाचरत विषय काढला. तिने आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की, जणू आम्ही पुन्हा तिसरीत नापास झालो आहोत. "घर विकायचं आहे, आल्तार नाही," ती म्हणाली. "ते माझ्याबरोबर पुण्याला येणार. जुनं लुगडं आण, गुंडाळून ठेवते." एक पुतळा तडकलेला होता. तो टाकू नये, पुरावा, असे फादरांनी सांगितले. परसातील आंब्याखाली आईने तो आमच्याकडून पुरविला.

त्यानंतर ती पश्चिमेकडच्या खोलीत गेली आणि तेथेच थांबली.

आता हे सांगावयास हवे. त्या खोलीची भिंत दर जुलैत ओली होत असे. रस्ता वारंवार डांबर टाकून इतका उंच झाला आहे की, पावसाचे पाणी आमच्या जोत्याशी तुंबते. जांभा दगड सच्छिद्र असतो, तो पाणी वर ओढून घेतो. चुन्याचा गिलावा निदान श्वास तरी घेतो. त्यावर पुट्टी व प्लॅस्टिकचा रंग चढविला की ओल आत कोंडते आणि पावसाळ्यात पोपडे धरते. परंतु एप्रिलमध्ये कोणास काय दिसणार? दलालांनी तोच उपाय सुचविला. "घेणारा हे पाडून अपार्टमेंटच बांधणार," असे दादा म्हणाला. आम्ही काहीच म्हणालो नाही. रंगाऱ्याची मजुरी मात्र आम्हीच दिली. भिंत फिकट पिवळी, अगदी सुरेख झाली होती.

"हिला कशाला रंग लावला?" आईने विचारले. आम्ही म्हणालो, "सगळीकडेच लावला, आई." हे खोटे नव्हते.

दुसऱ्या दिवशी एक कुटुंब आले. नवरा-बायको दोघेही शिक्षक, सोबत त्याची आई. घर पाडावयाचे त्यांच्या मनातही नव्हते. उलट कौले पाहून ती सूनबाई हरखून गेली. म्हातारीस दमा होता, दोन पायऱ्या चढून तिला धाप लागली. ती पश्चिमेच्या खोलीत शिरली, वारा चांगला येतो म्हणाली, आणि त्या पिवळ्या भिंतीवर हात ठेवून मुलास म्हणाली, "माझी खाट इथं."

दादाने खिडकीबाहेर पाहिले. आम्ही जमिनीकडे.

"तिथं नको, बाई," आमची आई म्हणाली. "जुलैत ती भिंत घाम धरते. माझा धाकटा लहानपणी त्या खोलीत महिनाभर खोकत होता." धाकटा म्हणजे आम्हीच.

मंडळी नमस्कार करून निघून गेली. दलाल बराच वेळ चप्पल शोधत होते. दादा त्या रात्री आईशी बोलला नाही, आमच्याशी मात्र पुष्कळ बोलला.

तीन आठवड्यांनी ते शिक्षक गवंडी घेऊन परत आले. त्याने जोते पाहिले, रस्त्याकडेला गटार काढावे लागेल, सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा करावा लागेल, असे सांगितले, आणि तीन लाख कमी करा अशी मागणी आली. दादा उसळला. बहीण दोन्हीकडून बोलली. वकिलांकडे गेलो, तेव्हा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम त्यांनी वाचून दाखविले. घेणाऱ्यास साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्यास ठाऊक असेल, तर तो त्याने सांगितलाच पाहिजे. कायदा इतका जुना आणि इतका स्पष्ट असेल, अशी आमची कल्पना नव्हती.

वडिलांनी मृत्युपत्र केले नव्हते. १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आपल्यात अशा वेळी पत्नीस एक-तृतीयांश व उरलेले मुलामुलींस समान मिळते. हे आईने वकिलांकडून नीट समजून घेतले आणि रिक्षात बसल्यावर म्हणाली, "म्हणजे सगळ्यांत मोठा वाटा माझा. ते तीन लाख माझ्यातून कापा, आणि दादाला म्हणावं आता जेवायला ये."

कापले मात्र सर्वांच्याच वाट्यातून. दादाने स्वतःच तसे सांगितले, जरा रागातच. सिटी सर्व्हेचा उतारा, वारसांच्या नोंदी, घरपट्टीच्या पावत्या, बोजा नसल्याचा दाखला यांत जूनचा पहिला आठवडा गेला. दस्तावर सही करताना आईचा हात कापला. वयाने असेल.

जुलैच्या अखेरीस त्या सूनबाईंचा पुण्यास फोन आला. सासूबाईंची खाट पूर्वेच्या खिडकीशी आहे, भिंत घाम धरते आहे, गिलावा दिवाळीनंतर करू, असे तिने सांगितले. मग जराशी थांबून म्हणाली, "पण आजी, स्वयंपाकघरात चुलीच्या वर गळतंय. ते तुम्ही सांगितलं नव्हतं."

आईने फोन कानाशी धरूनच आमच्याकडे पाहिले. "शाकारणी कोणाकडून करून घेतलीस?" तिने विचारले. आम्ही नाव सांगितले. "तरीच," ती म्हणाली, आणि खडेबाजारामागे राहणाऱ्या तिच्या माहितीच्या कौलकऱ्याचा पत्ता त्या मुलीस लिहून घ्यावयास सांगू लागली.