अजिंठ्याच्या दारातलं चाक

विकेंड म्हटला की आपलं ठरलेलं. लोणावळा, नाहीतर अलिबाग! या वेळी मात्र मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण थेट अजिंठ्याला गेलो. खरं सांगू? आमच्यात जरा बिनसलंच होतं. तिचं पॅकेज, तिची नवी गाडी... आणि मी नोकरी सोडून फ्रीलान्सर, चेकची वाट बघणारी!

१७ नंबरच्या लेण्यात गेलात की लगेच आत धावू नका. व्हरांड्यातच डाव्या टोकाच्या भिंतीकडे वळा. तिथे पाचव्या शतकातलं एक भलंमोठं चाक रंगवलंय. बराचसा भाग गळून गेलाय. इंग्रजांना ते राशीचक्र वाटलं, म्हणून या लेण्याला ते ‘झोडिॲक केव्ह’ म्हणायचे. पण हे आहे भवचक्र, जन्म-मरणाच्या फेऱ्याचा नकाशा.

तो दारातच का? ‘दिव्यावदान’ या बौद्ध ग्रंथात त्याची गोष्ट आहे. बुद्धांचे शिष्य मौद्गल्यायन नरकापासून स्वर्गापर्यंत फिरून यायचे आणि तिथली हकीगत लोकांना सांगायचे. बुद्ध म्हणाले, ते एकटे सगळीकडे कसे पुरणार? विहाराच्या दारात पाच गतींचं चाक काढा आणि समजावून सांगायला एक भिक्षू नेमा. म्हणजे गाइडच की! पाच गती म्हणजे नरक, पशू, प्रेत, मनुष्य आणि देव. पुढे तिबेटी चित्रांत असुर धरून सहा झाल्या.

‘‘मी प्रेतलोकात,’’ मी म्हटलं. ‘‘पोट मोठं, घसा सुईएवढा. भूक भागतच नाही. आणि तू देवलोकात!’’

ती हसली नाही. मग मीच वाचलेलं सांगत सुटले. इथे देवपणही परमनंट नाही. पुण्य सरलं की देवही खाली येतात. त्याआधी खुणा दिसतात. गळ्यातला हार कोमेजतो, घाम फुटतो आणि स्वतःच्याच आसनावर मन रमेनासं होतं.

‘‘सहा महिने झाले,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘सकाळी त्या खुर्चीत बसवत नाही गं.’’

आणि मी इतके दिवस तिचा हेवा करत होते! देव सुखात गुंग, नरकातले वेदनेत; थांबून विचार करायची सवड फक्त माणसाला, म्हणून हा जन्म मोलाचा, असं बौद्ध परंपरा मानते. आम्ही दोघी तिथेच बराच वेळ बोलत उभ्या राहिलो. लेणी बघायची राहिलीच.

कसं जाल? छत्रपती संभाजीनगरहून अंतर सुमारे १०० किमी. सोमवारी लेणी बंद. फ्लॅश वापरू नका. आणि जिच्याशी बोलायचं राहून गेलंय, अशी एखादी मैत्रीण सोबत न्याच!