लुगड्याचा आधार

बंड्या पहिल्या पायरीपाशी येऊन थांबला, तेव्हा मला वाटलं लाडात आलाय. ‘चल की रे,’ म्हणत मी वर निघून गेलो. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. तो विव्हळला नाही की कण्हला नाही. दुखणं झाकायचा कुत्र्यांचा स्वभावच असतो. तरी तो महिनाभर मला दाखवत होताच. मांडीची एकच जागा चाटत बसायचा, जिन्यावर मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकायचा. मीच पाहिलं नाही, ही रुखरुख अजून जात नाही.

वय १२ वर्षं, जात लॅब्राडोर, खुब्याचे सांधे झिजलेले. सांध्यातली कूर्चा एकदा झिजली की पहिल्यासारखी भरून येत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वजन उतरवायला सांगितलं आणि बजावलं, की घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन चुकूनही द्यायची नाही, कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. आदल्याच रात्री मी अर्धी गोळी हातात घेऊन बसलो होतो.

आमचा जिना १४ पायऱ्यांचा, गुळगुळीत कडप्प्याचा. आता प्रत्येक पायरीवर रबरी चटई डकवली आहे. नखं आखूड ठेवतो, तळव्यांतले केस कापतो, नाहीतर पाय सरकतो. चढताना भार मागच्या पायांवर येतो, उतरताना पुढच्या. एरवीही कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्याच पायांवर असतं, म्हणून मला उतरण्याची धास्ती जास्त.

खरं उपयोगी पडलं ते आईचं सुती लुगडं. गोधडीसाठी ठेवलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्याची चौपदरी घडी पोटाखालून, मांड्यांच्या जरा पुढून घ्यायची आणि दोन्ही टोकं मुठीत धरायची. उचलायचं नाही, नुसता भार हलका करायचा. हे उमगायला मला आठवडा लागला. मी ओढायचो आणि तो पाय ताठ करून उभा राहायचा. आता आधी त्याचा पाय टेकतो, मग माझा.

त्याला खालीच झोपवावं म्हणून तीन रात्री जिन्याला फळी लावली. तिन्ही रात्री तो फळीला नाक लावून जागा राहिला. आता आम्ही बाहेर गेलो तरच ती लावतो.

वळणावर, सातव्या पायरीला, तो दम घेतो. लुगड्यातून त्याच्या पोटाची धाप माझ्या मुठीला लागते. ती मंदावेपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे. रात्री दहाला कठड्यावरचं लुगडं काढलं, की तो आपणहून माझ्याजवळ येतो आणि आडवा उभा राहतो.