न दाबलेले बटण

बटण या वस्तूवर माझा लहानपणापासून विश्वास. दाबले की दिवा लागतो, न दाबले की अंधार तसाच राहतो. लबाडीला जागाच नाही. फेसबुकने २०१० साली आपले निळ्या अंगठ्याचे बटण इतरांच्या पानांवर लावायला दिले, तेव्हा ते इंटरनेटवर जिथे तिथे दिसू लागले. लेख आवडला तर दाबा! न दाबणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणालाही वाटावे.

पण गंमत अशी, की ते बटण त्या पानाच्या मालकाचे नव्हतेच. पान उघडले की आपला ब्राउझर ते आणायला परस्पर फेसबुकच्या दारी जाई, आणि कोणत्या पानासाठी आलो हेही बहुधा सांगून टाकी. पूर्वी कधी त्या दारी गेलेला असला, तर ‘कुकी’ नावाची ओळखचिठ्ठीही बरोबर नेई. आपले बोट जागचे हललेले नसे, चहाडी मात्र होऊन जाई! युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ साली एका जर्मन कपडेविक्रेत्याच्या खटल्यात सांगितले, की असे बटण आपल्या पानावर लावणाराही या माहिती पोचवण्यास जबाबदार आहे. पुढे २०२५ साली कंपनीने ही बटणे मागे घेत असल्याचे जाहीर केले. म्हणून हायसे वाटायला नको. ‘पिक्सेल’ नावाचे हेर तेच काम करतात, आणि ते डोळ्यांना दिसतही नाहीत. बटण निदान दिसत तरी होते.

पाळत काय आज निघाली? आमच्या वाण्याला ठाऊक असे, कोणाच्या घरी साखर महिनाअखेरीस संपते. डॉक्टरांना दुखणे ठाऊक, पोस्टमनला पत्रे ठाऊक. पण ही मंडळी रात्री एकत्र बसून आपापल्या वह्या जुळवीत नसत. इथे वाण्याच्या, डॉक्टरांच्या नि पोस्टाच्या उंबरठ्यावर एकच इसम वही घेऊन बसलेला आहे.

यंदा श्रावणात ह्यांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. मग एकच प्रश्न तीनतीनदा येऊ लागला. मी दुपारी, घर निजले असता, संगणकावर विस्मरणाविषयी वाचीत असे. कोणाला काही बोलले नव्हते; भीतीला शब्द देण्याआधी ती नीट चाचपून तरी पाहावी ना! चार दिवसांत पानांच्या कडेला स्मरणशक्तीच्या गोळ्या आणि वृद्धांसाठी निवासांच्या जाहिराती झळकू लागल्या. आमचा संगणक एकच, तो सगळे वापरतात. एका संध्याकाळी हेच पेपर वाचता वाचता म्हणाले, “अगं, ह्या ब्राह्मीच्या गोळ्या सारख्या कोणासाठी दाखवताहेत?”

मी कुकर बघायला उठले. कुकर लावलेलाच नव्हता.

दुसऱ्याच दिवशी भाच्याला बोलावले. त्याने सांगितले, की फायरफॉक्समध्ये थोडी राखण २०१९ पासून मूळचीच आहे. तीवर त्याने ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे फुकटचे साधन बसवले. या साधनाजवळ चहाडखोरांच्या पत्त्यांच्या याद्या असतात. त्या दारी ते ब्राउझरला जाऊच देत नाही. समाजमाध्यमांच्या बटणांची यादी निराळी असते, ती मुद्दाम चालू करावी लागते. “तीही कर,” मी म्हटले. “आणि मावशी, एखादे पान रुसले तर तेवढ्यापुरते बंद कर,” असे बजावून स्वारी चकल्या घेऊन गेली. एकदोन पाने रुसतात खरी. शिवाय आपण स्वतःच्या नावाने ज्याच्या घरात शिरतो, त्याला आपले तिथले वागणे कळणारच. त्याला इलाज नाही.

जाहिरातींना माझी ना नाही. त्यांच्यावर लिहिणाऱ्यांची चूल पेटते. मी रोज वाचते त्या पेपरची वर्गणीही भरते. या अंकातही साबणाच्या नि सोन्याच्या जाहिराती असतीलच. पण तुम्ही कोणत्या पानावर थबकलात, हे तो साबण टिपून घेत नाही.

ह्यांना मी कोजागरीच्या रात्री सांगितले, दूध आटत असताना, माझ्या शब्दांत. हे बराच वेळ पातेल्यात डाव फिरवीत राहिले. मग म्हणाले, “मुलाला मी सांगेन. तू नको.”