गाडी वळली की

दिवाळीपूर्वी घर झाडण्याचा जो सोहळा आमच्या अमरावतीच्या घरी होतो, त्यात माळा माझ्या वाट्याला येतो. सौ.चे म्हणणे असे की, जो माणूस दिवसा शाळेत चित्रकला शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो, त्याने वर्षातून एक दिवस तरी घराच्या उपयोगी पडावे. हे म्हणणे खोडून काढण्याजोगा पुरावा माझ्यापाशी नाही. त्यामुळे मी मुकाट्याने शिडी लावतो.

गेल्या वर्षी माळ्यावर, जुन्या आकाशकंदिलाच्या कामट्यांखाली, एक पत्र्याचा डबा सापडला. डब्यात तळहाताएवढी एक लांबट करडी वस्तू होती. तिला वायर गुंडाळलेली, डाव्या बाजूस अधिकच्या चिन्हासारखे एक बटण, उजव्या बाजूस दोन गोल तांबडी बटणे.

"बाबा, हे काय आहे?" चिरंजीवांनी खालून विचारले.

"रिमोट," मी म्हणालो.

त्याने तो घेतला, टीव्हीकडे रोखला आणि दाबून पाहिला. टीव्ही लागला नाही. "बिघडलाय," असा निकाल देऊन त्याने तो परत केला. मी मात्र त्या वस्तूकडे पाहत शिडीवरच बसून राहिलो.

आजची मुले ज्याला कंट्रोलर म्हणतात, त्याला आमच्या लहानपणी आम्ही रिमोटच म्हणत असू. हा रिमोट अकोल्याचा. माझे मामा जठारपेठेत राहत. १९९२ सालच्या उन्हाळ्यात त्यांनी मुंबईहून एक व्हिडिओ गेम आणला. मूळ जपानी यंत्राची ती कुणीतरी केलेली स्वस्त नक्कल होती. पण आम्हा मामेभावंडांना, आतेभावंडांना तिच्यात स्वर्ग दिसला. अकोल्याचा मे महिना ज्याने भोगला आहे, त्याला दुपारी बाराच्या पुढे घराबाहेर पाऊल टाकणे म्हणजे काय ते सांगायला नको. दारे-खिडक्या लावलेल्या, कूलरच्या वाळ्याचा ओला वास सुटलेला, आणि अंधाऱ्या खोलीत टीव्हीसमोर आम्ही सहाजण. अंगठ्यांना फोड येईपर्यंत खेळायचो.

त्या कॅसेटीत 'रोड फायटर' नावाचा एक खेळ होता. कोनामी या जपानी कंपनीने तो १९८४ साली काढला होता. रस्त्यावरून एक तांबडी मोटार वर वर धावते. दुसऱ्या गाडीचा धक्का लागला की ती घसरते, कडेला आपटली की फुटते. पेट्रोल सतत कमी होत असते, ते मध्येच रंगीबेरंगी गाडी पकडून भरून घ्यायचे. खेळ सोपा; पण त्यात मी सगळ्यांत तरबेज होतो आणि या गोष्टीचा मला भारी अभिमान होता.

माझे वडील एस.टी.त ड्रायव्हर. अमरावती-अकोला ही त्यांची नेहमीची फेरी. दुपारी अकोल्यास गाडी लावली की कधीमधी ते मामांकडे जेवायला येत. असेच एकदा ते खाकी कपड्यांत दारात उभे राहून आमचा खेळ पाहत होते. मामा म्हणाले, "दाजी, तुम्हीच बसा आता. रस्त्याचा खेळ आहे, तुमच्याशिवाय कोणाला जमणार!"

बाबा बसले. त्यांनी रिमोट दोन्ही हातांत धरला, कोपरे उचलली आणि समोरून गाडी येताच तो अख्खा रिमोटच डावीकडे फिरवला. स्टेअरिंग फिरवावे तसा. अंगही डावीकडे झुकले. पडद्यावरची मोटार मात्र सरळ जाऊन आपटली आणि फुटली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. आम्ही सहाजण हसून हसून लोळलो. मीच सर्वांत मोठ्याने हसलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे. पण मी उठून, कोपरे उचलून, सगळ्यांसमोर बाबांची नक्कल केली.

बाबाही हसले. रिमोट त्यांनी हळूच खाली ठेवला. "गाडी वयली का मानूसबी वयतेच ना बापू," एवढेच म्हणाले आणि पाणी पिऊन स्टँडवर गेले. त्यानंतर त्या उन्हाळ्यात ते तीन-चारदा जेवायला आले. पण दरवेळी स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवले आणि तसेच परत गेले. टीव्हीच्या खोलीकडे फिरकले नाहीत. मी अकरा वर्षांचा होतो. मला त्यात काही विशेष वाटले नाही.

पुढे माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. चित्रकलेचा शिक्षणक्रम पुरा करून मी मास्तर झालो, आणि लिहिणाऱ्या माणसाला असतात तसल्या रिकाम्या उद्योगांपैकी एक म्हणून या रिमोटांचा इतिहास वाचून काढला. त्यात मोठी मौज आहे.

माझ्या डब्यातल्या रिमोटवरचे ते अधिकचे चिन्ह ज्याने शोधले, त्याचे नाव गुनपेई योकोई. १९६५ साली हा माणूस क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीत यंत्रांची देखभाल करायला लागला. कंपनी तेव्हा खेळायचे पत्ते बनवीत असे. १९८२ साली त्याला घडी घालून खिशात ठेवता येईल असा एक खेळ तयार करायचा होता. तोवर खेळांना उभी काठी असे. अमेरिकेतल्या अटारी कंपनीचे १९७७ सालचे यंत्र पाहा: खोके डाव्या हातात धरायचे, काठी उजव्या हाताने हलवायची. पण काठी उभी राहिली की घडी मिटेना. म्हणून योकोईने काठीच काढून टाकली आणि तिच्या जागी हे चपटे अधिकचिन्ह बसवले, तेही डाव्या अंगठ्याखाली. न बघता अंगठ्याला चारी दिशा कळतात. पुढच्याच वर्षी, १९८३ साली, कंपनीच्या घरगुती यंत्रावर ते आले आणि जगभर पसरत पसरत नकलेच्या रूपाने जठारपेठेत पोचले. माझ्या मते सर्वोत्तम रिमोटांच्या पंक्तीत पहिला पाट त्याचा. दुसरा पाट सोनी कंपनीच्या १९९७ सालच्या रिमोटाचा. दोन मुठी, दोन्ही अंगठ्यांखाली दोन छोट्या काठ्या, आणि धक्का बसला की हातात थरथर. आजही बहुतेक रिमोट त्याच वळणाचे निघतात.

वाईटांची पंक्तही लहान नाही. अटारीनेच १९८२ साली एका यंत्राला अशी काठी दिली की, सोडली तरी ती मध्यावर परत येईना. हात काढला तरी खेळगडी आपला चालतोच आहे! १९८९ साली अमेरिकेत हातमोजाच्या रूपातला रिमोट निघाला. जाहिरातीत दिसे की, हवेत मूठ वळवली की पडद्यावर ठोसा बसतो. प्रत्यक्षात मूठ एकीकडे आणि ठोसा दुसरीकडे. आणि १९९६ साली खुद्द निन्टेन्डोने तीन मुठींचा रिमोट काढला. देवाने माणसाला हात दोन दिले आहेत ही गोष्ट त्या कारखान्यात कुणाच्या लक्षात आली नसेल असे नाही. तिसरी मूठ सोयीप्रमाणे धरायची होती. पण त्याच रिमोटाची मधली काठी एका खेळात तळहाताने गरगर फिरवून मुलांच्या हातांना जखमा झाल्या, आणि २००० साली कंपनीला अमेरिकेतल्या मुलांसाठी हातमोजे देऊ करावे लागले. यंत्र वाईट, आणि मोजे हाताला!

हे सारे मी हसत हसत वाचत होतो. वाचता वाचता २००६ सालापाशी आलो आणि माझे हसू थांबले. त्या वर्षी निन्टेन्डोने एक रिमोट काढला. त्यात हाताची हालचाल ओळखण्याची सोय होती. हात वळेल तसा खेळ वळे. दोन वर्षांनी, २००८ साली, त्याच रिमोटाभोवती बसवायचे एक पांढरे चाक आले. मोटारींचा खेळ खेळताना ते दोन्ही हातांत धरायचे, कोपरे उचलायची आणि अख्खे फिरवायचे. गाडी वळे.

माझे वडील १९९२ सालच्या मे महिन्यात मामांच्या खोलीत नेमके हेच करीत होते. त्यांचे काही चुकले नव्हते. त्यांच्या हाताला रस्ता ठाऊक होता. त्या रिमोटाला त्यांचा हात ठाऊक नव्हता.

ही गोष्ट मला दुसऱ्यांदा शिकवली ती एका विद्यार्थिनीने. पाचवीच्या वर्गात कागदकाम चालू होते. सगळ्या मुलांची फुले सुबक कापली गेली, हिची फाटकी. मी वर्षभर तिला 'धांदरट' म्हणत आलो. एक दिवस सहज तिच्याजवळ बसलो आणि पाहिले, तर मुलगी डावरी. बाजारातली साधी कात्री उजव्या हाताच्या मापाने केलेली असते. डाव्या हातात धरली की तिची पाती एकमेकींपासून फाकतात, आणि कापायची रेघ वरच्या पात्याआड झाकली जाते. ती पोर वर्षभर न दिसणारी रेघ कापत होती, आणि वर माझे बोलणे खात होती. डावऱ्यांची कात्री आणून दिली, तर तिचे फूल वर्गात पहिले आले. तेव्हापासून माझी कसोटी ठरून गेली आहे. जे यंत्र आपले अपुरेपण माणसाच्या हातावर ढकलते, हाताला लाज आणते, ते वाईट. मग त्याला कितीही बटणे असोत.

२०१९ साली बाबांना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पाय हळूहळू चालू लागला. पण डावा हात तसाच राहिला. ज्या हाताने त्यांनी आयुष्यभर एस.टी.चा तो लांबलचक गिअर टाकला, त्या हातात रबरी चेंडू धरून ते सकाळ-संध्याकाळ दाबत बसत. बोटे मिटत नसत. त्या दिवाळीत पुण्याहून भाचा आला, त्याने आपला व्हिडिओ गेम टीव्हीला जोडला आणि मोठ्या प्रेमाने म्हणाला, "आजोबा, गाडीचा खेळ आहे, घ्या ना!" बाबांनी रिमोट उजव्या हातात घेतला. उलटसुलट करून पाहिला. मग डाव्या हाताकडे पाहिले, तो शालीखाली सरकवला आणि म्हणाले, "तुम्ही खेया." योकोईने दिशा डाव्या अंगठ्याला दिली होती, आणि बाबांना डावा अंगठाच उरला नव्हता.

मी ते पाहिले. सत्तावीस वर्षांपूर्वीचे हसू माझ्या घशात अडकले.

अधू हातांसाठीही रिमोट निघाले आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली तसा एक काढला. त्यावर बशीएवढी दोन बटणे असतात, आणि पायाने, कोपराने, हनुवटीने दाबायची बटणे त्याला जोडता येतात. तो आमच्या आवाक्यातला नव्हता. पण त्या संध्याकाळी माझ्या मुलाने, तो तेव्हा आठ वर्षांचा होता, एक युक्ती केली. आपल्या आईच्या फोनवर त्याने बस चालवायचा खेळ लावला. त्यात वेग आपोआप येई. फोन कलेल तशी बस वळे. फोन त्याने बाबांच्या उजव्या हातात दिला.

पहिल्या वळणाला बाबांनी हात कलता केला. अंग झुकले. कोपर उचलले. बस वळली.

बाबा काही बोलले नाहीत. पुढचे वळण घेतले, त्यापुढचे घेतले. समोरून ट्रक आला तेव्हा त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. पाव तास बस चालवून त्यांनी ती कडेला उभी केली आणि म्हणाले, "याले समजते बा."

मुले फराळाला धावली. खोलीत आम्ही दोघेच उरलो तेव्हा मी म्हणालो, "बाबा, अकोल्याला मामांच्या घरी मी तुम्हाला हसलो होतो. नक्कल केली होती."

मला वाटले, त्यांना आठवणार नाही. त्यांनी थोडा वेळ समोरच्या पणतीकडे पाहिले. "हासले तं हासले," ते म्हणाले, "लेकरं होते." आणि जरा थांबून, "पन त्याले स्टेअरिंगच नव्हतं ना बापू."

२०२२ सालच्या जूनमध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ही बातमी वाचल्यापासून बाबांनी ध्यास घेतला की, रस्ता दाखव. त्याच पावसाळ्यात मी त्यांना एस.टी.ने अकोल्यास घेऊन गेलो. ज्या रस्त्यावर त्यांची कंबर खड्ड्यांनी मोजली होती, त्या रस्त्यावर गाडी पाण्यासारखी चालली होती. बाबा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, खिडकीशी. मूर्तिजापूर मागे पडले. पुढे एक वळण आले. ड्रायव्हरने चाक फिरवले, बाबा झुकले, त्यांच्या मांडीवरचा डावा हात किंचित हलला, जणू गिअर चाचपत होता. मी मागे वळून पाहिले. पिशव्या सांभाळणाऱ्या बाया, डुलक्या घेणारे म्हातारे, कॉलेजची पोरे, सारी बस एका अंगाला कललेली होती.

मी स्वतःकडे पाहिले. मीही कललो होतो.

तो करडा रिमोट मी पुन्हा माळ्यावर टाकला नाही. आमच्या वर्गातल्या कपाटात, डावऱ्यांच्या कात्रीशेजारी तो ठेवला आहे.