बाद फेरी

अलिबागकडच्या गावांत कबड्डीचे सामने रात्री रंगतात. स्पर्धा बहुधा बाद पद्धतीची. हरलेल्या संघाने सामान आवरायचे. महिलांचे सामने आधी उरकले जात आणि तेवढ्या वेळात आम्ही चहाला जात असू, हे कबूल केलेले बरे.

माघातल्या एका रात्री टपरी बंद होती, म्हणून बसलो. शेवटच्या चढाईत एका गुणाने हरलेल्या मुली दोरीबाहेर येऊन गुडघ्यांवरची माती झटकू लागल्या. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, की त्यांची स्पर्धा संपली. एकीने पुढच्या सामन्याची वेळ विचारली. तिचा भाऊ खेळणार होता.

पुरुषांना २०१४ पासून प्रो कबड्डीत साखळी सामने मिळाले. आज हरले तरी उद्या खेळता येते. २०१६ मध्ये तिथेच महिलांसाठी अवघ्या तीन संघांची स्पर्धा झाली. स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सला अंतिम सामन्यात २४-२३ असे हरवले. तो सामना आम्ही चहा निवत ठेवून पाहिला. २०१७ मध्ये पुरुषांचे संघ आठांचे बारा झाले. महिलांची स्पर्धा त्या वर्षी झालीच नाही.