ज्या, जेब आणि गोदाकाठ

१/
त्रिकोणमिती म्हणजे सूत्रांचा तक्ता, हे गृहीत धरूनच आमच्या मराठवाड्यातील बहुतेक विद्यार्थी महाविद्यालयात पाऊल ठेवतात. माझी अकरावी-बारावी लातूरला झाली. प्रवेशपरीक्षेच्या तयारीत सूत्र कोठून आले हे विचारण्यास सवड नसते. पुढे नांदेडला बी.एस्सी.साठी गणित घेतल्यावर ती सवड मिळाली. सूत्रांचा माग मला थेट गोदावरीच्या काठी घेऊन आला. त्याची ही हकिकत.

२/
आरंभ शब्दापासून करू. वर्तुळाचा तुकडा धनुष्यासारखा दिसतो, म्हणून तो ‘चाप’. त्याची दोरी ती ‘ज्या’. इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने पूर्ण दोरीऐवजी अर्ध्या दोरीचा कोष्टक दिला. आपण आज ज्याला साइन म्हणतो ती हीच अर्धज्या.

३/
‘ज्या’चे दुसरे रूप ‘जीवा’. अरबी पंडितांनी ते ‘जीबा’ असे उचलले. पण अरबीत स्वर लिहीत नसल्याने पुढे त्याचे वाचन ‘जैब’ झाले. जैब म्हणजे वस्त्राचा घोळ. बाराव्या शतकात युरोपीय भाषांतरकारांनी त्याचे लॅटिन केले ‘सायनस’, त्यावरून साइन. नांदेडच्या बाजारात खिशाला ‘जेब’ म्हणणारा माणूस नकळत त्याच अरबी शब्दाचा वारसा चालवत असतो.

४/
आता सूत्राकडे वळू. दोन कोनांच्या बेरजेची साइन काढण्याचे सूत्र अकरावीत पहिल्याच महिन्यात पाठ होते. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त, ‘ज्योत्पत्ति’ या प्रकरणात, ते स्वच्छ मांडले आहे : प्रत्येक चापाच्या ज्येला दुसऱ्याच्या कोटिज्येने गुणावे, त्रिज्येने भागावे आणि दोन्ही फळे मिळवावीत. १८ अंशांची ज्याही तेथे आहे. आजच्या भाषेत, ५ च्या वर्गमुळातून १ वजा करून ४ ने भागा. उत्तर सुमारे ०.३०९.

५/
येथून कथा आपल्या दारी येते. परभणी जिल्ह्यातील पाथरी, म्हणजे जुने पार्थपूर. तेथील ज्ञानराजांनी इ.स. १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा ज्योतिषग्रंथ रचला. त्यांचे पुत्र सूर्यदास यांनी १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या बीजगणितावर आणि १५४१ मध्ये लीलावतीवर टीका लिहिली. याच सूर्यदासांनी असे एक काव्य रचले, जे सुलट वाचता रामकथा आणि उलट वाचता कृष्णकथा होते!

६/
गोदाकाठचेच दुसरे गाव गोलग्राम. तेथील दिवाकर दैवज्ञांचे कुळ पिढ्यान्‌पिढ्या गणित-ज्योतिषात रमले होते. पुढे हे घराणे काशीस गेले. त्यातील कमलाकरांनी १६५८ मध्ये काशीत ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ पूर्ण केला. भास्कराचार्यांच्या बेरीज-सूत्राच्या भूमितीय सिद्धता त्यात आहेत. दुप्पट, तिप्पट, पाचपट चापांच्या ज्याही त्यांनी काढून दाखवल्या.

७/
बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी हीच सूत्रे आम्ही द मॉयव्हरच्या प्रमेयाने काढतो. काल्पनिक संख्या घेऊन पाचवा घात विस्तारला की पाचपट कोनाची साइन दोन ओळींत हाती येते. कमलाकरांजवळ काल्पनिक संख्या नव्हत्या. त्यांची वाट लांबची, पण पायरी न पायरी दिसणारी. ‘आमच्याकडे सारे आधीच होते’ असे म्हणणे दोघांवरही अन्याय करते. दोन वाटा एका ठिकाणी पोहोचतात, हेच खरे नवल.

८/
आणि ‘मराठवाड्यात होतेच काय?’ हा प्रश्नही तितकाच अपुरा. आपला भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले १९५० मध्ये, स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने. त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आले १९९४ मध्ये. उच्च शिक्षणाची दारे उशिरा उघडली, हे खरे. पण दार उशिरा उघडले म्हणून घर रिकामे होते असे होत नाही.

९/
तरी एक गोष्ट मनात सलते. गोलग्रामच्या विद्येला ग्रंथरूप लाभले ते काशीत. गाव सोडल्यावाचून विद्या वाढत नाही, हा समज मग किती जुना म्हणावा? आज खेड्यातून लातूर, लातुरातून पुणे अशी तीच वाट आहे. माझ्या घरीही एम.एस्सी.साठी पुण्याचा आग्रह आहे. वडील म्हणतात, “इथं राहून काय करणार?” त्यांच्या काळजीत खोट नाही; त्यांनी इथून गेलेल्यांचेच भले होताना पाहिले आहे.

१०/
मी नांदेडच्या विद्यापीठाचा अर्ज भरला आहे. स्थलांतर वाईट म्हणून नव्हे. कमलाकर काशीस वाढले नसते, तर कदाचित तो ग्रंथही झाला नसता. पण पाथरीत बसून सूर्यदासांनी लीलावती उलगडली, हेही तितकेच घडलेले आहे. मला संस्कृत शिकून त्यांची टीका मुळातून वाचायची आहे, आणि ती सूत्रे अकरावीच्या मुलांपुढे सिद्धतेसह मांडायची आहेत.

११/
शेवटी एक विनंती. आपल्यापैकी कोणाच्या वाड्यात, माळ्यावर, देवघरात जुन्या पोथ्या असतील, तर जीर्ण झाल्या म्हणून त्या गंगेत सोडू नका. आधी पाने उलटून पाहा. वर्तुळ, चाप किंवा आकड्यांचे कोष्टक दिसले, तर छायाचित्र काढून ठेवा आणि जाणकाराला दाखवा.