पाठीखालचा खण

वसईजवळच्या गिरीजला बंदर नाही. हिराडोंगरीवर दत्ताच्या देवळापाशी उभं राहिलं की खाली दिसतात त्या केळीच्या बागा आणि नारळ-ताडांची झाडी. समुद्र त्यांच्या पलीकडे. बोटी नांगरतात त्या पाचूबंदरला, नायगावला, अर्नाळ्याला. तरीही बोटीवरची एक जुनी अडचण गिरीजमधल्या घराघरांत ठाऊक आहे. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर दुपारी पाहुणा लवंडतो आणि हवी असलेली चादर नेमकी त्याच्या पाठीखालच्या कप्प्यात असते. घरातली बाई दार हळूच ओढून घेते आणि पाहुणा उठायची वाट बघते.

समुद्रावर अशी वाट बघणं परवडत नाही.

बोटीत रिकामी जागा म्हणून काही नसतंच. मासेमारीच्या बोटीत मानाची जागा बर्फाच्या आणि मासळीच्या खणाला. खलाशाची पाठ टेकते ती उरल्यासुरल्या फळीवर. लांब पल्ल्याच्या शिडाच्या बोटीत बिछान्याखालची पोकळी तर सोन्याच्या भावाची. ती खोल असते, बोटीच्या मधल्या भागाजवळ असते आणि जड सामान तिथे ठेवलं की बोटीचा तोलही चांगला राहतो. म्हणून पाण्याचे कॅन, डबाबंद अन्न, पंपाचे सुटे भाग, हत्यारं, सगळं तिथेच जातं. वर प्लायवूडची फळी, फळीत हाताचं बोट घालायला एक भोक, आणि त्यावर गादी. झाकण उघडायचं तर गादी उचलायला हवी, आणि गादी उचलायची तर माणसाला उठवायला हवं. पाळीपाळीने जागणाऱ्या दोघांपैकी जो आत्ताच डोळा लागून झोपलाय, तोच पंपाच्या वॉशरवर पहुडलेला असतो.

उठवायला दुसरं कुणी नसेल आणि झोपलेल्याला उठताच येत नसेल, तर काय होतं हे सप्टेंबर २०१८मध्ये दिसलं. नौदलातले अभिलाष टॉमी ‘गोल्डन ग्लोब’ या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत एकटेच दक्षिण हिंदी महासागरात होते. त्यांची ‘थुरिया’ ही ३२ फुटी बोट गोव्यात, रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली. याच शिपयार्डमध्ये तयार झालेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये चार बंदरं घेत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती, अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे टॉमींनी त्याच म्हादेईतून २०१२-१३मध्ये कुठेही न थांबता फेरी पूर्ण केली. म्हणजे माणूस नवखा नव्हता. पण २१ सप्टेंबरच्या वादळाने थुरियाची डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली. चालता येत नाही, स्ट्रेचर लागेल, असा निरोप आला तो बिछान्यावरूनच. संदेश पाठवायचं दुसरं यंत्र आणि हातातला रेडिओ संकटकाळच्या पिशवीत तयार होते. ती पिशवी त्याच बोटीत होती, पण त्यांचा हात तिथवर पोचत नव्हता. ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने २४ तारखेला त्यांना सोडवलं. २०२३मध्ये तीच शर्यत त्यांनी दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली.

थुरिया ज्या ‘सुहैली’ची प्रतिकृती, ती मुळात मुंबईची. कुलाब्याला भारतीय सुतारांनी ती सागवानात घडवली आणि १९६४च्या डिसेंबरात पाण्यात सोडली. दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून पृथ्वीची ३१२ दिवसांची न थांबता फेरी मारून २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. 

मग पाठीखालच्या या खणासाठी सुतार काय करू शकतो? पहिला उपाय म्हणजे झाकण वरून काढून दार समोर, बिछान्याच्या उभ्या फळीत आणणं. झोपलेला झोपून राहतो, शेजारचा गुडघे टेकून डबा काढतो. पण ही उभी फळी नुसता आडोसा नसते. माणसाचं वजन ती पेलते आणि बोटीच्या अंगालाही ताठपणा देते. ती सरसकट कापली तर बिछाना कुरकुरायला लागतो. म्हणून चहूबाजूंनी रुंद काठ राखायचा, मागून पट्टी ठोकायची आणि भोकाचे कोपरे गोल ठेवायचे, कारण चीर नेहमी काटकोनातून सुरू होते. खालचा उंबरा हातभर नको, पण चार बोटं तरी हवा; नाहीतर बोट कलली की दार उघडताक्षणी सगळी डाळ-तांदळाची पाकिटं अंगावर येतात. कापलेल्या कडेला इपॉक्सी पाजलं नाही तर मरीन प्लायसुद्धा थरांत फुगतं.

ड्रॉवर दिसायला देखणे, पण बोटीचा तळ गोलसर आणि ड्रॉवर चौकोनी; मागची कितीतरी जागा वाया जाते. केलेच तर खाली खाच ठेवायची, म्हणजे किंचित वर उचलल्याशिवाय ते सरकत नाहीत आणि लाटेच्या हिसक्याने उघडत नाहीत. गाडीच्या डिकीसारखे गॅसचे दांडे लावून अख्खी फळी गादीसकट वर उचलण्याची सोय सुखाची खरी, मात्र खारी हवा त्या दांड्यांना फार दिवस सुखाने राहू देत नाही. झाकण कुठलंही असो, त्याला कडी हवीच. बोट उलटी झाली तरी बॅटरी आणि स्टोव्ह जागचे हलता कामा नयेत, असा महासागरी शर्यतींचा नियम आहे. एक किलोचा डबा बिछान्याखालून उडाला तर तोही डोकं फोडतो.

सगळ्यांत स्वस्त उपाय गादीचा. एकसंध गादीऐवजी तीन तुकडे, प्रत्येक झाकणावर एक. पायाकडचा तुकडा उचलला तरी डोकं झोपलेलंच राहतं. त्यातच फळीला हवेची भोकं पाडली तर दुहेरी फायदा: अंगाची ऊब आणि गार तळ यांच्यामध्ये जमणारं दव सुकतं, गादीला बुरशी धरत नाही. तरीही दमट हवेत डब्यांवरचे कागद गळून पडतातच. म्हणून जुने खलाशी ते आधीच सोलून टाकतात आणि डब्यावर रंगाने नाव लिहितात. नाहीतर रात्रीच्या अंधारात वाटाण्याऐवजी अननस निघायचा.

दारं-झाकणं ठरली की वाटणी उरते. महिन्यातून एकदा लागणारं सामान पाठीखाली, रोजचं समोरच्या दारामागे. संकटकाळची पिशवी, टॉर्च, पाण्याची बाटली आणि रेडिओ यांना मात्र कुठलाच खण नाही. ती पडलेल्या माणसाने हात लांबवला की लागतील अशी, बिछान्याच्या उशाशी आकड्यांना टांगायची. लाइफ जॅकेट हौसेने फळीखाली नीट रचून ठेवणाऱ्या प्रत्येक बोटीला हे लागू आहे, मग ती पृथ्वीप्रदक्षिणा करणारी असो की वसईच्या खाडीतून बोंबलांसाठी बाहेर पडणारी.

किनाऱ्यावर या कामाला मुहूर्त शोधावा लागत नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. बोटी वर ओढल्या जातात, ताडपत्रीखाली इंजिनं उघडली जातात, जाळी विणली जातात. मेस्त्रीला बोलावून बिछान्याची फळी कापून घ्यायची तर याच ६१ दिवसांत. आणि प्लायच्या कडांना इपॉक्सी लावायचं तर त्यातलाही पावसाने उघडीप दिलेला दिवस गाठून.